प्रभातफेरीचा झेंडा

पंधरा ऑगस्टला सकाळी रस्त्यावरून मुलांच्या घोषणा ऐकू आल्या की मला ओल्या खडूचा वास येतो. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल, नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, आणि त्या दिवशी मुलं कॅनव्हासचे बूट ओल्या खडूनं पांढरे करून यायची. प्रभातफेरीच्या पुढे झेंडा घेऊन चालायला मी चौथीतली एक मुलगी निवडली होती, कारण सगळी मुलं तिचं ऐकायची. पण गोदाकाठाहून वर येणाऱ्या चढावर ती सारखी मागे वळून बघत इतकी हळू चालायला लागली की आमच्या पुढे चालणारी दुसऱ्या शाळेची फेरी दिसेनाशी झाली. "पुढे चालणाऱ्यानं असं रेंगाळायचं असतं?" म्हणत मी तिच्या हातातून झेंडा घेतला आणि एका उंच मुलाला दिला. आम्ही वेळेवर मैदानात पोचलो. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होते तेवढ्यात ती फाटकातून आली, पहिलीतल्या एका मुलाचा हात धरून, दुसऱ्या हातात त्याचे बूट. तिच्या फ्रॉकला खडूचे डाग पडले होते. "बाई, याच्या दादाचे आहेत, सारखे पायातून निघत होते," ती म्हणाली. मी एवढंच म्हटलं, "बरं, रांगेत उभी राहा." झेंडा तिला तेव्हाही परत देता आला असता, पण पदरात पडलेलं कौतुक मला सोडवेना. आता फेरी दारावरून जाते तेव्हा शेवटचं मूल पुढे जाईपर्यंत मी फाटकात उभी राहते. झेंड्याकडे मात्र बघवत नाही.