अमिनोचा डबा आणि माझी सही

अमिनोच्या त्या डब्यांचं प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आरोपी आठ दिवसांत हाती लागला होता. पण ज्यांना त्याने फसवलं, त्यांच्यातला एकही जण ‘मी फसलो’ म्हणायला तयार होईना आणि त्यात महिना गेला.

नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. एका सकाळी सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आठशे मीटर धावताना मैदानावर कोसळली होती, तिच्या छातीतली धडधड थांबत नव्हती. एकाच अकादमीतला महिनाभरातला हा तिसरा पेशंट, असं त्यांनी सांगितलं. तिघंही धावण्याआधी कसली तरी पावडर पीत होते.

अकादमी म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर चुना आखलेलं मैदान. चालवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणत. सर रोज पहाटे स्वतःच्या हाताने पावडर पाण्यात कालवून प्रत्येकाला ग्लास देत. हे अमिनो ॲसिड, याने दम वाढतो, पाय भरून येत नाहीत, असं त्यांचं सांगणं. डबा मात्र कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. पाच-पंचवीस मुलामुलींना मी विचारलं. सगळ्यांचं एकच, “लई फरक पडतो साहेब.” भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो होते. त्यात माझ्याच ठाण्यातला एक शिपाई हसत उभा. त्याला बोलावून घेतलं, तर तोही पावडरीचे गोडवे गाऊ लागला. कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी राहिला.

अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना सोबत घेऊन पंचनामा केला. मागच्या खोलीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे अकरा डबे सापडले आणि अकराही डब्यांत पावडर एकसारखी. काही झाकणांवर मार्कर पेनने माणसांची नावं लिहिलेली होती. सरांना विचारलं तर म्हणाले, मुलांनी गंमत केली असेल. नमुने सील करून प्रयोगशाळेला पाठवले. एका झाकणावरच्या नावाचा माग काढत आम्ही श्रीरामपूरच्या एका व्यायामशाळेत पोहोचलो. तिथे व्यायाम करणारे आपापल्या डब्यावर नाव टाकत आणि रिकामे डबे भंगारवाल्याकडे जात. भंगारवाल्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. एक सर येतात, डबे निवडून नेतात, झाकण नसलेला डबा मात्र घेत नाहीत, असं त्याने सांगून टाकलं.

सरांना ठाण्यात आणलं. दोन तास प्रश्न विचारले, गृहस्थ गार. शेवटी मलाच म्हणाले, “साहेब, माझ्या विरोधात बोलणारं एक नाव सांगा.” त्यांचा हा तोरा उगाच नव्हता. ठाण्यात नाव गेलं की भरती गेली, हे त्यांनी पोरांच्या मनात पक्कं बसवलं होतं. सरकारतर्फे फिर्याद देता आली असती, पण पावडर पिऊन त्रास झालेला साक्षीदार नसेल तर ते प्रकरण कोर्टात किती टिकणार, हे मी जाणून होतो.

दवाखान्यातून घरी सोडलेल्या त्या मुलीकडे मी तीनदा गेलो. वयोमर्यादेनुसार तिची ही शेवटची भरती होती. फिर्यादी म्हणजे आरोपी नव्हे, तक्रार केल्याने भरतीत काही अडत नाही, असं परोपरीने सांगितलं. ती मान हलवायची आणि म्हणायची, “मला काय बी झालं न्हाई साहेब. उन्हानं चक्कर आली.” पहाटे सहा वाजता ऊन! मी वैतागून आवाज चढवला. तेव्हा ओट्यावर बसलेला तिचा भाऊ उठला. तो पिकअप चालवायचा.

“तिला कशाला रागावता? मी गावातल्या एका भांडनात नुसता साक्षीदार हुतो. मिल्ट्रीत निवड झाली आन तुमच्याच ठान्यानं लिवलं, याचं नाव गुन्ह्यात हाय. दुरुस्तीचा कागद जाईपातुर माझं वय निघून गेलं.”

मला ते खरं वाटेना. ठाण्यात परतलो, चारित्र्य पडताळणीची जुनी फाईल काढायला लावली. अहवाल सापडला. ‘सदर इसमाचे नाव गुन्ह्यात नोंद आहे.’ एकच ओळ. साक्षीदार हा शब्द कुठेच नाही. कारकुनाने लिहिलेलं आणि खाली सही माझी. मला तो मुलगा आठवेना, ती सहीही आठवेना. दिवसाला असे ढीगभर कागद समोर यायचे. महिनाभर मी पोरांच्या अडाणीपणावर चिडत होतो. त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि बहीणभावासमोर ठेवला. चूक माझी आहे, असं सांगितलं. मुलीने तो दोनदा वाचला.

“माझं पन असंच लिवाल?”

“तुझा अहवाल मी स्वतः लिहीन.”

तिने जबाब दिला. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचलं, एका ठिकाणी तारीख चुकली होती तीही दुरुस्त करायला लावली. तिच्यामागून आणखी चौघं आले. प्रयोगशाळेचा अहवाल आला: पिठीसाखर, दूध पावडर आणि उत्तेजक गोळ्यांचा चुरा. फसवणूक आणि जीव धोक्यात घालणे या कलमांखाली गुन्हा दाखल होऊन सरांना अटक झाली. त्याच आठवड्यात अकादमीतली तीन पोरं मला भेटायला आली. वाटलं, आभार मानतील. त्यांनी विचारलं, “साहेब, मग खरा डबा कुठं मिळंल?” डाळ खा, अंडी खा, त्यातही तेच असतं, असं डॉक्टरांचं सांगणं मी त्यांना ऐकवलं. त्यांचे चेहरे पडले.

मुलगी नुसत्या पाण्यावर धावली आणि भरती झाली. तिच्या पडताळणीचा कागद आला, तेव्हा कारकुनाला बाजूला बसवून मीच लिहिलं. गुन्ह्यात नाव आहे ते फिर्यादी म्हणून, तिच्याविरुद्ध काहीही नाही, तिच्या जबाबामुळेच आरोपीवर गुन्हा दाखल करता आला. चार ओळी झाल्या. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

लोक पोलिसांना उगाच घाबरतात, असं मी नोकरीभर म्हणत आलो होतो. त्यांची भीती कुठून येते, हे शोधायला आपलंच दप्तर उघडावं लागतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही.

बहीण प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा भाऊ तिला घेऊन ठाण्यात आला. अहवाल कसा लिहिला ते मी त्याला सांगितलं.  तो आवाज न चढवता म्हणाला, “चार ओळी लिवल्या व्हय साहेब? मला एकच शब्द कमी पडला हुता.”