साहेबांच्या घरातलं दूध

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात पेडगावच्या दूध संघात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापाठोपाठ कावेरी आली. औरंगाबादेत शिकलेली, बोलायला फटकळ. येताना पिशवीभर फ्लॉप्या घेऊनच आली आणि मशीनवर लिनक्स नावाची प्रणाली चढवून मोकळी झाली. पंचाईत एकच उरली. गावोगावच्या दुधाची रोजची माहिती आत ठेवायची कुठं?

"साहेब, रोज बदलणाऱ्या माहितीसाठी मशीनमधी 'वर' नावाची जागा हाय. तिथं ठेवू," ती म्हणाली.

मॅनेजर व्यंकटरावांना हे रुचलं नाही. 'होम' नावाच्या जागेत त्यांच्या नावाची खोली होती आणि तिचा त्यांना लय अभिमान. "माझ्या होममधी ठेव. नजरंखाली राहील."

"होम म्हंजे घर, साहेब. उद्या तुमची बदली झाली की तुमची खोली पुसायची, तिच्यासंगं दूधबी जाईल. आन संघाचं दूध घरी नेल्यावानी दिसतंय ते."

"मशीनला काय कळतंय? ठेव!"

तिनं ठेवलं.

एका दुपारी मुंजाजी म्हातारा आपल्या म्हशीच्या दुधाची फॅट विचारायला आला. कावेरी कामात बुडालेली. मान वर न करता म्हणाली, "थांबा काका. सगळं दूध साहेबांच्या घरात हाय, तिथून काढायलेय."

मुंजाजी कशाला थांबतोय!

तासाभरात व्यंकटरावांच्या दारात माणसं रिकामे कॅन बडवायला लागली. त्यांची बायको धुरपताबाई भांबावून बाहेर आली. "कसलं दूध? आमीच सकाळधरून कोरा चहा पियालाव!" खात्री करायला त्यांच्यातले दोघं चुलीपर्यंत गेले, ते कोरा चहा पिऊन खाली मान घालून परतले.

व्यंकटराव घामाघूम होऊन ऑफिसात धडकले. "काढ ते माझ्या घरातून! आत्ताच्या आत्ता!"

ओठ चावत कावेरीनं सगळं 'वर'च्या जागेत हलवलं. तेवढ्यात मंडळी आलीच.

"साहेब, दूध कुठंय?" मुंजाजीनं दरडावलं.

"वर ठेवलंय," व्यंकटराव ठसक्यात म्हणाले.

सगळ्यांच्या माना पत्र्याकडं वळल्या.

आता मात्र कावेरीला हसू आवरेना. तिनं मुंजाजीला खुर्चीत बसवलं, पडद्यावर त्याच्या दुधाची फॅट दाखवली. म्हातारा पडद्याजवळ वाकला, मग हळूच म्हणाला, "पोरी, म्हशीचं नाव बी घाल की तिथं. चंद्री."

कावेरीनं घातलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात ही रांग. ज्याला त्याला आपली म्हैस नावानिशी आत पाहिजे होती.