महाजन गुरुजींचा शांत वर्ग

भडगावपासून थोड्या अंतरावर, गिरणेच्या काठी, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथला पहिली-दुसरीचा वर्ग जीवराम महाजन गुरुजींकडे होता आणि त्या वर्गाच्या शांततेचे कौतुक आजूबाजूच्या शाळांतही होत असे. तपासणीला आलेले साहेब दारातच थबकत. गुरुजी फळ्यावर बेरीज लिहीत, डस्टर टेबलावर ठेवीत, आणि क्षणात साऱ्या पाट्या डोक्यावर उचलल्या जात. ना गलका, ना "मी सांगू, मी सांगू". गुरुजी पाट्यांवरून नजर फिरवीत आणि चुकलेल्या मुलाकडे खडूने खूण करीत. एका साहेबांनी तर या पद्धतीचे चलचित्र काढून इतर शिक्षकांना पाठवले होते. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम म्हणत, "सर, तुमच्या वर्गात मुलं आहेत की देव बसवलेत?"

गुरुजी हसत आणि मान हलवीत. मॅडम काय म्हणाल्या हे त्यांना बहुधा कळलेले नसे.

त्या पद्धतीचे मूळ असे, की गुरुजींना ऐकू येत नव्हते. आधी उजवा कान गेला, मग डावा. भिंतीचा रंग उडावा तसे हळूहळू. पाट्या, डस्टर, खडूची खूण हे सारे त्यांनी बहिरेपण झाकण्यासाठी उभे केले होते. घरी सुनंदाबाई त्यांच्यासमोर येऊन, ओठ सावकाश हलवून सांगत, "कानाला मशीन लावून घ्या हो. चष्मा लावता तसंच."

"चष्म्याला कोणी हसत नाही," गुरुजी म्हणत. "निवृत्ती दोन वर्षांवर आली. आता बहिरा मास्तर म्हणून का घरी बसू?"

त्यांच्या मनात खरी भीती हीच होती. ज्या माणसाने तीस वर्षे मुलांचे उच्चार घासूनपुसून घेतले, त्याचेच कान तपासायला कोणी डॉक्टर बसवावा, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. म्हणून समोरचा माणूस काही बोलला आणि ते निसटले, की गुरुजी किंचित हसून होकारार्थी मान हलवीत. बहुतेक बोलण्याला होकार चालून जातो, असा त्यांचा अनुभव होता.

पाट्यांनी गणित सावरले. वाचन कसे सावरणार? गुरुजी प्रत्येक मुलाला टेबलाजवळ बोलावीत, ओळीखाली बोट ठेवायला सांगत आणि त्याच्या ओठांकडे पाहत. बोट सरकले, ओठ हलले, की पाठीवर थाप. मोठ्यांपासून वर्षानुवर्षे दडवलेली गोष्ट मुलांना पंधरवड्यात कळली. दुसरीतला स्वप्नील हा त्यातला पहिला शोधक.

"आवाज कसाले काढस वं?" तो डिंपलला म्हणाला. "नुसता ओठ हालाव. गुर्जी खूश!"

"आनि आडनं तं?"

"आडनं तं बोट पुढे सरकाड. दखाले कोन शे?"

दोघे तोंडावर हात ठेवून हसली. त्या दिवसापासून वर्ग अधिकच शांत झाला.

घरचा अभ्यास म्हणून गुरुजींनी एक शिरस्ता घालून दिला होता. मुलाने रोज रात्री घरातल्या मोठ्या माणसाला एक पान वाचून दाखवायचे. बरीचशी आजी-आजोबा मंडळी निरक्षर; सही कशी करणार? म्हणून ऐकून झाले, की त्यांनी पानाच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटवायचे. डिंपलची आजी भागाबाई हे बोट देव्हाऱ्यात उमटवावे तितक्या भक्तीने उमटवीत असे. चुलीपुढे बसून डिंपल चित्र पाहून धडा म्हणून दाखवी. वर्गातली एकमेव खरी वाचणारी हेमांगी मधल्या सुट्टीत तो मोठ्याने वाची, तेव्हा डिंपलला तो ऐकून पाठ झालेला असे. आजीला वाटे, गुरुजी पाठीवर थाप देतात, म्हणजे पोर हुशार आहे. गुरुजींना वाटे, रोज हळद दिसते आहे, म्हणजे घरी वाचन होते आहे. दोघांनीही एकमेकांच्या भरवशावर डोळे मिटले होते.

त्या हिवाळ्यात डिंपलचा बाप हिलाल काविळीने आजारी पडला. दुखणे अंगावर काढले आणि शेवटी त्याला धुळ्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. बायको लताबाई त्याच्याजवळ होती. एका सकाळी तिचा फोन आला, की तो डिंपलचे नाव घेतो आहे, निघा. भागाबाई नातीला घेऊन भडगावच्या बस स्थानकावर आली. गर्दी फार होती. एक गाडी येऊन लागली आणि माणसे दाराला झोंबली.

"डिंपल, पाटीवर काय लिख्यं शे? दख बरं."

मुलीने पाटीकडे पाहिले. बापाकडे जायचे होते. आजी वाट पाहत होती. ती म्हणाली, "धुळे."

"मावशी, कोठे जानं शे?" शेजारच्या माणसाने विचारले.

"ऱ्हाऊ द्या, दादा. आम्हनी पोरगी वाचस. दुसरीमा शे," भागाबाई अभिमानाने म्हणाली आणि चढली.

कंडक्टर गर्दीतून वाट काढीत त्यांच्यापर्यंत पोहोचला तेव्हा गाव बरेच मागे पडले होते. "मावशी, ही चाळीसगावला चालली! पाटी वाचली नाही का?" त्याने त्यांना एका फाट्यावर उतरवले. परतीची गाडी मिळेपर्यंत दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. धुळ्याला पोहोचल्या तेव्हा हिलालचे डोळे मिटून तोंडावर चादर ओढलेली होती. लताबाईने एवढेच सांगितले, की शेवटपर्यंत तो दाराकडे पाहत होता.

ही हकिकत गुरुजींना तेव्हा ठाऊक नव्हती. विद्यार्थिनीचा बाप गेला, एवढेच त्यांना कळले आणि रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून दारावर, म्हणजे सांत्वनाला, बसायला गेले. ओसरीत पुरुष, आत बायका. भागाबाई उंबऱ्याशी आली. तिने पदर तोंडावरून खाली ओढलेला होता. पदर हलला, ती गुरुजींकडे तोंड करून काही बोलत होती. सांत्वनाच्या घरी दुसरे काय बोलणार? कसे झाले, किती लवकर झाले. गुरुजींनी चेहरा गंभीर केला आणि सवयीने मान हलवली. पदर पुन्हा हलला. गुरुजींनी पुन्हा, अधिक ठामपणे, मान हलवली.

ओसरीतली सारी तोंडे आत वळली. कोपऱ्यात कणगीला टेकून डिंपल बसली होती. लताबाईने तिच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. पोरक्या मुलीची दया येते आहे, असे गुरुजींना वाटले. निघताना त्यांनी डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने डोके मागे घेतले.

पुढे कितीतरी दिवस डिंपल शाळेत आली नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत ज्योत्स्ना मॅडम गुरुजींच्या वर्गात आल्या आणि दार लावून घेऊन बोलू लागल्या. त्यांचे ओठ भरभर हलत होते, डोळे भरले होते. गुरुजींनी हसण्यासाठी ओठ विलग केले, मान हलवायला सुरुवातही केली. पण मॅडमच्या चेहऱ्यावर असे काही दिसले, की ती मान तिथेच थांबली. त्यांनी खडू उचलून मॅडमच्या हाती दिला.

"लिहून दाखवा," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

मॅडमनी फळ्यावर बसची हकिकत लिहिली. शेवटी लिहिले : "आजीने तुम्हाला विचारले, डिंपलला वाचता येते ना? तुम्ही दोनदा हो म्हणालात. आता घरचे म्हणतात, येत असून हिने मुद्दाम केले. तिच्याशी कोणी बोलत नाही. तिला मामाकडे पाठवणार आहेत. शाळा बंद."

गुरुजींनी ते दोनदा वाचले. सुट्टी संपली तेव्हा त्यांनी मॅडमना तिथेच, मुलांच्या बाजूला उभे केले. "आवाज ऐकू आला आणि शब्द बरोबर असला, की हात वर करा," ते म्हणाले. मग एकेका मुलाला बोलावून वाचायला लावले. हेमांगीच्या वेळी मॅडमचा हात वर गेला. त्यानंतर स्वप्नील आला. बोट सरकत होते, ओठ हलत होते. मॅडमचा हात खालीच होता. त्याच्यानंतर आला त्याच्या वेळीही, आणि त्याच्यानंतरही. शेवटी स्वप्नील रडू लागला. त्याचे रडणे गुरुजींना फक्त दिसले.

त्याच संध्याकाळी ते भागाबाईच्या घरी गेले. या खेपेला ते ओसरीत बसले नाहीत, उंबऱ्यापाशी उभे राहिले. घरात लताबाई होती, तिचा भाऊ होता, आणि कोपऱ्यात एक पिशवी भरून ठेवलेली होती.

"भागाबाई, तोंडावरचा पदर बाजूला घ्या," गुरुजी म्हणाले. "मला ओठ दिसले तरच कळतं. मी बहिरा आहे. तुम्ही त्या दिवशी काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही. डिंपलला वाचता येत नाही. मी तिला शिकवलं नाही आणि तिला येतं असं समजून चाललो. चूक माझी आहे, पोरीची नाही. उद्या हेच मी साहेबांनाही लिहून देणार आहे."

कोणी काही बोलले असेल, तर ते त्यांना कळले नाही. भागाबाईने पदर मागे सारला. तिचे ओठ सावकाश हलले आणि गुरुजींना प्रत्येक शब्द कळला.

"मंग त्या दिवस मान कसाले हालाई?"

लाजेपोटी, असे म्हणता आले असते. पण ज्या घरातला तरुण मुलगा गेला, तिथे तो शब्द फार लहान होता. लताबाई उठून आत गेली. भाऊ पिशवीकडे पाहत राहिला, पण त्याने ती उचलली नाही.

गुरुजी जमिनीवर बसले. त्यांनी पिशवीतून डिंपलचे पुस्तक काढले आणि तिला खुणेने जवळ बोलावले. खूप वेळाने ती आली आणि हातभर अंतर राखून बसली. गुरुजींनी अगदी पहिले पान उघडले, ज्यावर फक्त एक अक्षर आणि एक चित्र असते. चित्र त्यांनी तळहाताने झाकले.

"भागाबाई," ते म्हणाले, "तिचा आवाज आला, की हात वर करा. मला तेवढंच दिसेल."

डिंपलने अक्षराकडे पाहिले. तिचे ओठ हलले. गुरुजींनी नजर वळवली. भागाबाईचा हात मांडीवर तसाच होता. डिंपलचे ओठ पुन्हा हलले. म्हातारी नातीकडे एकटक पाहत होती, कान देऊन ऐकत होती. आणि तिचा हात मांडीवरच राहिला.

गुरुजींनी पुस्तक मिटले नाही. ते तिथेच, त्या हाताकडे पाहत बसून राहिले.