सरांसाठी तयार केलेलं भाषण

परदेशात मी पाण्याचं नियोजन शिकायला गेले होते. पण दर मंगळवारी संध्याकाळी सहाला विद्यापीठात आणखी एका वर्गाला जायचे. लोकांसमोर कसं बोलायचं, ते तिथं शिकवायचे. त्याचे गुण पदवीत धरले जात नव्हते. दिवसभर लेक्चरं झाल्यावर हे कशाला, असं मैत्रिणी विचारायच्या. इंग्रजी सुधारतं, असं मी सांगायचे. ते खोटं होतं. मला एका माणसावर सूड उगवायचा होता.

तो माणूस म्हणजे हिंगोलीच्या कॉलेजातले आमचे मराठीचे सर.

पहिल्या वर्षाला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय पाणी. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाजवळचं, त्यामुळं बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं. अब्बांचं औंढ्याला शिवणकामाचं दुकान आहे. त्या दिवशी ते दुकान बंद करून, मला न सांगता, बसनं हिंगोलीला आले. बोलता बोलता ते मला सभागृहाच्या दारात दिसले. गळ्यातला टेप काढायचाही राहून गेला होता. मला एकदम जोर आला. आमच्या गावातल्या बाया बोलतात तसं मी बोलून गेले, “पाणी दिसून राहिलं, पण भेटून न्हाई राहिलं. ही तकलीफ सांगावं कोणाला?”

सर उठले. माझ्या हातातला माईक त्यांनी काढून घेतला.

“बस. ही भाषा बाजारात चालते, इथं नाही. आधी मराठी शिकून ये. घरी तर कोणी शिकवणार नाही तुला.”

सगळं सभागृह हसलं. मी दाराकडं पाहिलं, तर तिथं कोणी नव्हतं.

घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, “कैसा हुआ भाषण?”

“अच्छा हुआ,” मी म्हणाले.

त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधीच बोललो नाही. माईक हिसकावला, हे मी कदाचित विसरले असते. अब्बांना तो प्रश्न विचारावा लागला, हे मात्र विसरणं शक्य नव्हतं.

मंगळवारच्या वर्गाच्या बाई म्हाताऱ्या होत्या. कोर्टात दुभाषी म्हणून त्यांचं आयुष्य गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला चार मिनिटं काहीतरी खरं सांगायला लावलं. मी हेच सांगितलं. रागानं रडू आलं. वर्गातल्या दोघातिघांनीही डोळे पुसले. बाईंनी नाही पुसले.

“सरांचं वाक्य आलं की तू खाली बघतेस,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तिथं अजून तेच जिंकतायत. पुन्हा सांग.”

मग पुढच्या मंगळवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. शिव्या द्यायच्या नाहीत, तो माणूस कसा आहे तेही सांगायचं नाही. तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगायचं, आणि मग गप्प राहून त्याच्याकडं बघायचं. खोलीवर परत जाताना, कानटोपी ओढून, मी तेच मराठीत म्हणत चालायचे. सरांचा चेहरा पडलेला दिसायचा मला. त्या थंडीत दुसऱ्या कशानं मला इतकी ऊब दिली नाही.

पदवी घेऊन परत आले तेव्हा कॉलेजनं सत्काराला बोलावलं. माझी एकच अट होती, अब्बा पहिल्या रांगेत बसतील. “मेरा क्या काम वहां?” म्हणत ते तयार झाले. स्वतः शिवलेला सदरा त्यांनी दोनदा इस्त्री केला.

सर आता विभागप्रमुख होते. ओळख त्यांनीच करून दिली. “हिची भाषा या हातांनी घडवलेली आहे,” ते म्हणाले.

मी माईक घेतला. धरणाचं बोलले, बायांचं बोलले, आमच्याच बोलीत. मग म्हणाले, “याच सभागृहात सरांनी मला एक गोष्ट शिकवली.” सर हसून मान हलवायला लागले. मी त्यांची चारही वाक्यं सांगितली, त्यांच्याकडं बघत, आणि थांबले.

आधी हसू गेलं, मग हलणारी मान थांबली. मागच्या बाकांवर पोरं हसायला लागली.

“हसू नका,” मी म्हणाले. “त्या दिवशीही सगळे हसले होते.”

पोरांनी माना खाली घातल्या. आणखी थोडं बोलून मी खाली बसले.

चहाच्या वेळी सर माझ्याजवळ आले. त्यांचे कान लाल झाले होते. “अगं, एवढं काहून धरून बसलीस? गंमत केली होती मी.”

“व्हय सर,” मी म्हणाले. “मी पण गंमतच केली.”

ते कप तसाच टेबलावर ठेवून गेले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उलट बिस्किटाचे दोन पुडे मी एकटीनं संपवले.

औंढ्याच्या बसमध्ये अब्बा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. ते रागावलेत असं वाटून शेवटी मीच विचारलं, “गलत किया क्या मैंने?”

“नै,” ते म्हणाले. “बराबर बोली तू.” मग थोडा विचार करून म्हणाले, “बस, आखिर में जरा जल्दी कर दी. सर का मुंह थोडा और देखना था मेरे कू.”