कणगीला आलेला ताप

आमच्या घरातल्या कणगीला एकदा ताप आला होता.

हसू नका. माणसाला येतो, गुराला येतो, मग धान्याच्या कणगीनंच काय घोडं मारलंय? आणि तो ताप दुसऱ्या कुणी नाही, मीच आणला होता, माझ्या स्वतःच्या हुशारीनं! (शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती पुढं पोरांच्या पाटीवरून. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर पोरांना बोला, मला नको.)

लग्न होऊन मी सोलापुरात आले, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. आमचे मालक एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. सगळी आळी आडावर घागरींची रांग लावून भांडायची, आणि त्या बंगल्यापुढं हे एवढं हिरवंगार गवत! गुरानं खायचं नाही, माणसानं वर बसायचं नाही, नुसतं बघायचं. त्याला म्हणे 'लान' म्हणतात. ते बोटभर वाढलं की मालक एक लोखंडी यंत्र ढकलत त्याची हजामत करायचे.

आता कापलेल्या गवताचं काय करायचं, यावरून साहेबाचं आणि मडमेचं दर आठवड्याला वाजायचं. मडम म्हणे, पडू दे तिथंच, मातीला खत होतंय. साहेब म्हणे, बुटाला चिकटतंय, पेटवून टाक! मालक बिचारे सकाळी मडमेसमोर ते पसरायचे आणि दुपारी साहेबासमोर गोळा करायचे.

"मग घरी का आणत न्हाई?" मी एकदा विचारलं.

"घरी आणून काय करू? भाजी करतीस?"

"बनीला घालू की!"

बनी म्हणजे आत्याबाईंची गाय. (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.) वासरू असल्यापासून त्यांनी तिला भाकरी चारून वाढवलेली. आता ती गाभण होती, कडबा संपला होता आणि पाऊस अजून दोन महिने लांब. काळजावर दगड ठेवून आत्याबाईंनी ठरवलं, गाय कुंभारीला भावाकडं धाडायची. आणि भावाकडं गेलेली गाय परत येत नसते, हे आत्याबाईंना ठाऊक होतं. मला तर वाटतं बनीलाही ठाऊक होतं, कारण त्या दोघी एकमेकींकडं बघायच्याच नाहीत.

आत्याबाई चार दिवस अक्कलकोटला बहिणीकडं गेल्या. येताना भावाला गाडीसकट घेऊनच येणार होत्या. झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. आत्याबाई यायच्या आत गवताचा एवढा साठा करायचा की गाडी आली तशी रिकामी परत!

मालकांनी त्याच दिवशी तीन पोती गवत आणलं. ओलं, मऊ, पोपटासारखं. बनीनं दोन पाट्या फस्त केल्या.

"उरलेलं उन्हात टाकू का गं?" मालकांनी विचारलं.

"उन्हात टाकून आळीतल्या शेळ्यांना जेवण घालायचंय व्हय? तुमी गप बसा. मला कळतंय."

मला काय कळत होतं सांगते. आत्याबाई ज्वारी कणगीत कशी भरतात ते मी पाहिलं होतं. दाबून भरायची, वरून शेणमातीनं लिंपायचं, वारा आत जाता कामा नये. ज्वारी त्या साली नव्हतीच, कणगी रिकामी. मग काय! मी पदर खोचला, कणगीत उतरले आणि गवत टाकत गेले, तुडवत गेले, टाकत गेले, तुडवत गेले. वर झाकण ठेवून असं गुळगुळीत लिंपलं की आत्याबाईंनी पाठ थोपटली असती.

दुसऱ्या दिवशी घरात ताडीच्या गुत्त्यासारखा वास सुटला. मी संशयानं मालकांच्या तोंडाचा वास घेतला. (ते अजून त्याबद्दल रुसलेत. स्वर्गात गेले, तरी रुसलेत.) मग माझा हात सहज कणगीला लागला आणि मी किंचाळलेच. कणगी तापली होती! तापली म्हणजे कशी, चुलीवरून उतरलेल्या मडक्यासारखी!

माझ्या किंचाळण्यानं शेजारची नरसम्मा धावत आली. ती विणकराच्या घरची, तेलुगू. अंगानं भक्कम आणि भक्तीनं त्याहून भक्कम. तिनं कणगीला हात लावला, चटकन मागं घेतला आणि डोळे मिटून हात जोडले.

"अय्यो देवुडा! अम्मा आली गं, अम्मा! देवी बसली कणगीत!"

मला आत काय आहे ते माहीत होतं. पण मला वाटलं, लक्ष्मीच्या जागेत मी पायानं तुडवून गवत कोंबलं, म्हणून देवी कोपली! त्या भीतीनं गवताचं नाव न काढता मीही हात जोडले. आळीला तर कणगी रिकामीच ठाऊक, आणि रिकाम्या कणगीत देवी तापते म्हणजे केवढं जागृत ठाणं! तासाभरात आळीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन दारात.

कुणाला देवीचा ताप आणि फोड आले की घरात फोडणी देत नाहीत, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. इथं तर देवी आळीच्या कणगीत! नरसम्मानं हुकूम काढला, अख्ख्या आळीत फोडणी बंद. कणगीला कडुलिंबाचे डहाळे बांधले. गार वाटावं म्हणून भोवती ओली फडकी गुंडाळली. पुढ्यात दहीभात. जसजशी आमची सेवा वाढली तसतशी कणगी जास्तच तापली, आणि लिंपणाला भेग पडून वाफ यायला लागली. बाया गहिवरल्या!

"देवीची शिक्षा आमाला का?" तिसऱ्या दिवशी बिनफोडणीची आमटी ओरपत मालक म्हणाले.

"गप बसा, ऐकंल ती!"

चौथ्या दिवशी भर दुपारी दारात गाडी थांबली. आत बायांची आरती रंगात आलेली. आत्याबाई उतरल्या, मागं त्यांचे भाऊ, हातात नवं दावं. आत्याबाईंनी गर्दीतून वाट काढली, कणगीवर हात ठेवला, नाक पुढं करून वास घेतला आणि माझ्याकडं वळल्या.

"काय भरलंयस गं ह्यात?"

आरती थांबली.

"गवत."

"कसलं?"

"बंगल्यावरचं. लानचं."

"वाळलेलं?"

"...ताजं."

आत्याबाईंनी लिंपण फोडलं. भसकन वाफेचा लोट आला आणि आत दिसला तो काळाकुट्ट, चिकट, तंबाखूसारखा लगदा. दावणीवरून बनीनं एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"म्हंजे," नरसम्मा सावकाश म्हणाली, "तीन दिवस मी कुजक्या गवताला दहीभात दिला?"

"आणि आमी बिनफोडणीचं गिळलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

मला तिथंच रडू फुटलं. "बनी जाऊ नये म्हणून केलं वो आत्याबाई. तुमी तिच्याकडं बघत नव्हता, ते मला बघवंना."

मला वाटलं, आता बनीबरोबर त्याच गाडीत बसवून मलाही धाडतात. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाई हसत होती! हसता हसता खालीच बसली.

"अगं येडे, ओलं गवत कोंडलं की तापतंच. उन्हात पसरायचं असतंय. माझ्या पोटच्या पोरीनं बी एवढी उठाठेव केली नसती गं!"

मग नरसम्माचं पोट हलायला लागलं, आणि आळी जी हसत सुटली ती थांबेना. पहिली भानावर आली ती नरसम्माच. घरी गेली आणि सुताला लावून उरलेल्या पिठाच्या खळीची बादली घेऊन आली.

"देवीला दहीभात दिला, गायीला खळ देते. रोज देते. गाय कुटं जाती बघू!"

तिच्या मागोमाग कुणी कडब्याची एक पेंडी आणली, कुणी दोन, एकीनं भुईमुगाचा पाला. त्या कुणाचीच घरं भरलेली नव्हती. आत्याबाईंच्या भावानं दावं खांद्यावर टाकलं, मग ते बिनफोडणीची आमटी जेवले आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

पुढं दर आठवड्याला लानचं गवत आमच्या माळवदावर वाळू लागलं, आणि राखणीला मी काठी घेऊन. बंगल्यातलं भांडणही मिटलं. बनीला कालवड झाली, पहिला खरवस आळीत वाटला. आणि त्या काळ्या लगद्यावर आत्याबाईंनी भोपळ्याचा वेल लावला, त्याला असे भोपळे लागले की मडमेचं म्हणणं खरं होतं हे मला मान्य करावं लागलं. आत्याबाईंनी मात्र जन्मभर कणगीची ती गोष्ट कुणापुढं काढून मला खाली पाहायला लावलं नाही. त्या आळीचे आणि त्या माउलीचे उपकार मी कुठं फेडू?

काढली ती मीच, माझ्या सुनेपुढं, आणि तिथं फसले. हल्ली मला जरा कणकण आली, गोधडी घेऊन पडले, की ती दारातूनच विचारते, "आत्याबाई, वैद्याला बोलवू, का उन्हात पसरू?"