नव्वदची थरथर

ऐंशीपर्यंत आमची गाडी गरीब गाय होती. काटा ऐंशीच्या पुढे सरकला की तिच्या अंगात यायचं. पंच्याऐंशीला सीट गुदगुल्या करायला लागायची, नव्वदला दातावर दात आपटायचे आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायचा. पुन्हा ऐंशीच्या खाली आलं की एकदम शहाणी. काही झालंच नाही असा चेहरा.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फात, घाटांत, वाळवंटात त्यांनी पलटणीचे ट्रक चालवले. शेजारच्या सीटवर कायम कुणीतरी मिशीवाला जवान. आई इकडे इस्लामपुरात, सुट्टीच्या तारखेची वाट बघत. निवृत्त झाल्यावर आबांनी ही उंच, सात सीटची डिझेल गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी आईला दार उघडून म्हणाले, "आता हितनं फुडं ही शीट तुजी." ती गोष्टही आता जुनी झाली. गाडीचा रंग उडाला, आबांचे केस गेले, पण शेजारची सीट मात्र आईचीच राहिली. मी पुढे बसले की आबा मला मागे पाठवायचे.

तर ही सीट गेल्या दसऱ्यानंतर रिकामी पडली. कारण लाडू.

आईचं माहेर साताऱ्याचं. महिन्यातून एकदा तिकडे जाऊन भावाला दोन शब्द सुनावले नाहीत तर तिला करमत नाही. त्या खेपेला तिने बेसनाचे लाडू केले होते. इस्लामपुरातून निघाले तेव्हा ते लाडूच होते, मी स्वतः दोन खाल्ले होते. साताऱ्यात मामीने डबा उघडला आणि आत बघत म्हणाली, "वन्सं, बेसन भाजून आणलंया व्हय? बरं केलंसा, वळायचं काम आमी करतो." मामा खो खो हसला. आई हसली नाही. परतीच्या वेळी ती थेट साताऱ्याच्या स्टँडवर गेली आणि आबांना म्हणाली, "ही थरथर जाईपतूर मी ह्या गाडीत पाय ठेवणार न्हाई." आणि एसटीत चढली.

आई शब्दाची पक्की. त्यानंतर ती माहेरी गेली ती एसटीनेच. पण आबांनाही राहवेना. आई एसटीत, तिची पिशवी आबांच्या गाडीत, आणि आबा एसटीच्या मागोमाग, एसटी थांबेल तिथे थांबत, एसटीचा धूर खात. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बाईने आईला विचारलं, "ही गाडी पेठ नाक्यापासनं मागं लागलीया, कुणाची हो?" आई म्हणाली, "आमचीच हाय. सोबतीला." हे तिने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग आबांकडे लक्ष गेलं. ते ओट्यावर बसून किल्ली पुसत होते, आणि माझं हसू तिथेच विरलं.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते. त्यामुळे पुढचे सगळे प्रयोग माझ्या खिडकीखालीच झाले. टायरच्या दुकानात जाऊन आबांनी चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं, अलाइनमेंट करून आणली. थरथर तशीच. मग माणूस मूळ दुखणं सोडून भलतीकडेच वळतो, तसे ते वळले. त्यांनी गाडी सजवायला घेतली. वाईन रंगाची सीट कव्हरं आली. चढायला सोपं जावं म्हणून दाराखाली पायरी बसली. डॅशबोर्डवर ताटाएवढा स्क्रीन आला आणि मागे कॅमेरा, ज्यात आम्हाला पहिल्यांदा दिसली ती शेजाऱ्यांची शेळी, आमच्या कढीपत्त्याला तोंड लावताना. ऊन लागू नये म्हणून खिडक्यांना पडदे आले. सगळी कामं घरच्या घरी, आमच्या अंगणात.

शेवटी तर त्यांनी आतली सगळी मॅटिंग उपसली आणि पत्र्यावर आवाज दाबणारी काळी, डांबरासारखी शीटं चिकटवायला लागले. ती गरम करून दाबून बसवावी लागतात. गरम करायला माझा केसांचा ड्रायर गेला. दाबायला काय घेतलं ते दुपारी कळलं, जेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माजं लाटणं कुणी नेलं?"

प्रत्येक नवी गोष्ट आबा आईला दाखवायचे. आई बाहेर यायची, पदराला हात पुसत सगळं नीट बघायची, स्क्रीनवर बोटसुद्धा फिरवायची. "लय झ्याक झालंया," म्हणायची, "पर थरथर गेली का?" मला त्या पडद्यांचा इतका राग यायला लागला की सांगता सोय नाही. म्हातारा दिवसेंदिवस नवरीसारखी गाडी नटवतोय आणि बाई काही बसत नाही!

एका रविवारी मीच म्हणाले, "आबा, पुरं झालं. आता आधी दुखतंय कुठं ते शोधायचं."

मी मोबाइलवर पुष्कळ वाचलं होतं. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांवर संशय घ्यायचा. सीट थरथरत असेल तर मागे जायचं. वेगात असताना गिअर न्यूट्रल करायचा, तरी थरथर राहिली तर इंजिन निर्दोष. एवढं ठरवून आम्ही भल्या सकाळी पेठ नाक्यावरून हायवेला लागलो. नव्वदला स्टिअरिंग आबांच्या हातात शांत होतं. न्यूट्रल केलं तरी गाडीच्या अंगातलं गेलं नाही. म्हणजे इंजिन सुटलं, पुढची चाकं सुटली. राहिलं खालचं नि मागचं, पण नेमकं कुठलं?

माझ्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. पण नव्वदला बोलताना माझा आवाज कापतो हे माझ्या लक्षात आलं. मग मी सरळ "आ" लावला. पुढच्या सीटवर बसून "आऽऽऽ". थोडा कापला. पुढचा रिकामा पट्टा बघून आबांनी पुन्हा नव्वद गाठली, तोवर मी सीटांमधून रांगत सगळ्यात मागे. "आऽऽऽ". तिथेही थोडाच. मग मधल्या सीटवर बसले, पाय खाली टेकवले आणि "आ" लावला तर तोंडातून शेळीच बाहेर पडली.

"आबा, इथं! इथं लय कापतंय!"

"पुन्ना लाव!"

मी पुन्हा लावला. आबांना काय वाटलं कोण जाणे, पुढून त्यांनीही लावला. बाप पुढे, लेक मध्ये, दोघं तोंडाचा आ वासून कासेगावच्या पुढे निघालेली. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने आमच्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना, आणि कापऱ्या गाडीत हसणं म्हणजे तर आणखीच वेगळं प्रकरण. डोळ्यांत पाणी आलं. आबांना गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं.

मधल्या सीटच्या खालून काय जातं? शाफ्ट. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा. घरी येऊन आम्ही गाडी जॅकने उचलली, खाली भक्कम लोखंडी स्टँड दिले, आणि बापलेक पाठीवर सरपटत आत शिरलो. मी बॅटरी मारली आणि बघतच राहिले. वर सगळीकडे धूळ, चिखल, ग्रीस. आणि मधोमध तो शाफ्ट, देवळातल्या समईसारखा चकचकीत. चंदेरी रंग, त्यावर तांबडे पट्टे, आणि टोकाला वाळलेलं हळदकुंकू.

"हे काय आबा?"

"खंडेनवमीला काडला हुता न्हवं का," आबा अभिमानाने म्हणाले. "दोन तुकडं सुटं करून धुतला, सांध्याला नवं क्रॉस घातलं, रंगवला. पूजंला काय घाण शाफ्ट ठेवायचा व्हय?"

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं घासून, रंगवून पूजेला लावतात. आबांनी तर न दिसणारा दांडाही सोडला नव्हता. आणि ज्या गोष्टीला हळदकुंकू लावलं, ती बिघडली असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवणार तरी कशी? मी मात्र उताणी पडल्या पडल्या मोबाइल काढला. वाचलेलं आठवत होतं. शाफ्टचे दोन तुकडे पुन्हा जोडताना दोघांवरचे बाण समोरासमोर यावे लागतात. नाही आले तर वेगात थरथर.

"आबा, बाण कुठं आहेत?"

"कसलं बाण?"

आबांनी खिशातून पॉलिश पेपर काढला. दोघं घासायला लागलो. चंदेरी भुकटी माझ्या डोळ्यांत, आबांच्या मिशांत. आधी एका तुकड्यावरचा बाण निघाला. दुसरा काही सापडेना. तो शोधत शोधत शाफ्टच्या पार दुसऱ्या अंगाला गेलो तेव्हा मिळाला. एक बाण आभाळाकडे बघत होता, दुसरा शेजाऱ्यांच्या घराकडे.

मला वाटलं आता आबा चिडणार. ते आधी "हात्तिच्या" म्हणाले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांनी मान वर केली आणि कपाळ पत्र्यावर आपटलं, तरी हसणं थांबेना. आवाज ऐकून आई बाहेर आली. तिला चार पाय दिसत होते, तेही हलत होते. "आवं, काय झालं? जित्तं हायसा न्हवं?" आबांनी आतूनच ओरडून सांगितलं, "माज्याच रंगानं खाल्लं मला!" आईला त्यातलं काहीएक कळलं नाही. मी बाहेर येऊन सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग आता बसवा नीट." पण जाताना ती गालात हसत होती. मी बघितलं.

बाण समोरासमोर आणले, शाफ्ट बसवला, बोल्ट आवळले. संध्याकाळी नव्वदला माझा "आ" तारेसारखा सरळ लागला.

तरी आईचा भरवसा नव्हताच. पुढच्या खेपेला ती गाडीत बसली ती अट घालून. "कराड यायच्या आत थरथरली तर कराडच्या स्टँडवर उतरणार." पिशवी मांडीवर धरलेली, हात दाराच्या दांडीवर. आबांच्या मानेवर मला घाम दिसत होता. एवढ्या घाटांत ट्रक चालवलेला माणूस, पण पेठ नाक्यावर त्याने गिअर चुकवला. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. सीटने गुदगुल्या केल्या नाहीत. कराड आलं, कराड मागे पडलं. आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. उंब्रज गेलं, तिने दांडी सोडली. नागठाण्याच्या अलीकडे तिची मान एका बाजूला कलली. आई झोपली होती, तोंड थोडं उघडं, नव्वदच्या वेगात, स्वतःच्या सीटवर.

आबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते, हसू येत होतं की रडू ते मलाच कळत नव्हतं. मला फार, फार आनंद झाला होता.

डाव्या हाताला अजिंक्यतारा आला. साताऱ्यात उतरायचा रस्ता आला. आबांनी ना वेग कमी केला ना गाडी वळवली. मी पुढे वाकून कुजबुजले, "आबा, सातारा!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सातारा गेला. मामाचं घर गेलं, मामीचा स्वयंपाक गेला. आम्ही आपले पुण्याच्या दिशेने.

लिंब खिंडीच्या पुढे आईच्या पर्समधला फोन वाजला. ती दचकून उठली आणि फोन कानाला लावला. मामाचा आवाज मला मागेसुद्धा ऐकू येत होता, "कुटवर आलाय गं? पानं वाडलीती." आईने बाहेर बघितलं. डोंगर भलतेच. तिने आबांकडे बघितलं. आबांनी चोरासारखी मान समोर धरली आणि गाडी हळू केली.

"सातारा मागं ऱ्हायला रं," आई म्हणाली.

"आं? गाडी बिगाडली काय पुन्ना?" मामाचा आवाज आणखी चढला.

"न्हाई. गाडी लय झ्याक हाय. आमी दोगं कवाबी निगालो की कुटंतरी येळेवर पोचायचंच असतंय. आज न्हाई पोचत. जेवान झाकून ठेव."

तिने फोन ठेवला, पदर सारखा केला आणि आबांकडे वळली.

"आवं, हळू का केलीसा? चालवा की."