गुलाब मारबतेचं खातं

"अवो फ्राऊ गुलाब! जर्मनीवालं आलं!" पोस्टमन टिकारामने सायकलवरूनच हाक मारली, तसं अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या सखाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"किती खेपा सांगतलं तुले? या घरात गुलाब नाही. सुनेचं नाव सुलोचना हाय."

"माह्या थैलीत तं गुलाबच हाय ना, काकी. मी काय करू?"

सून पदराला हात पुसत बाहेर आली. लिफाफा घेताना तिने टिकारामकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. टिकारामला वाटायचं, फ्राऊ म्हणजे नर्सबाईंना दिलेली मोठी पदवी असणार. त्याचा मतलब फक्त 'बाई' असा होतो, हे तिने त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

अड्याळच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या केवळराम मारबत्यांची ही पोरगी. नागपुरात नर्सिंग शिकली आणि एकोणसत्तर साली निवडलेल्या मुलींबरोबर जर्मनीला गेली. म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं तिने काम केलं. तिथे तिला सगळे श्वेस्टर गुलाब म्हणत. श्वेस्टर म्हणजे बहीण, नर्सला तशीच हाक मारायची रीत. आई आजारी पडली म्हणून ती दोन महिन्यांच्या सुट्टीवर आली. आई वर्षभर अंथरुणाला खिळली आणि गेली. तोवर नोकरी सुटली होती, आणि चौतिशी ओलांडलेल्या पोरीचं आता लग्न तरी उरका म्हणून मामा हात धुऊन मागे लागला होता. वरठीला स्टेशनजवळ वासुदेवरावांचं सायकलचं दुकान होतं. बायको वारलेली, मूल नाही, माणूस निर्व्यसनी. झालं लग्न.

ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सखाबाईंनी लेकाला सांगितलं, "सुलोचनाच लिही." पहिलीचंच नाव. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तशा सखाबाई म्हणाल्या, "राशन कार्डावर हायच ते. उगाच तहसीलीत चकरा कायले माराच्या? अन् माह्या तोंडात बसलं हाय." वासुदेवरावांनी खालमानेने अंगठीने अक्षरं काढली. गुलाब ते तांदूळ बघत राहिली. एवढ्या सहज एक माणूस जाऊन दुसरं बसवता येतं, याचं तिला रागापेक्षा नवलच वाटलं.

पेन्शनच्या पैशांची गोष्ट तिनेच बोलता बोलता काढली होती. देश सोडून दोन वर्षं झाली की पगारातून पेन्शनसाठी कापलेली रक्कम परत मागता येते. दुकानाचं छप्पर गळत होतं, भिंत खचली होती. वासुदेवराव म्हणाले, "मंग मांग ना." तिने दुसरी बाजूही सांगितली. रक्कम एकदा उचलली की ती नऊ वर्षं पुसली जाणार. पुन्हा कधी तिथे कामाला गेली, तर पहिल्या दिवसापासून सुरुवात. नाही उचलली, तर वर्षं तिच्या नावावर तशीच राहणार.

"आता कोन जाते तिथं?" सखाबाई म्हणाल्या आणि विषय मिटला.

तिने अर्ज केला. तिकडून उत्तर आलं: विमा क्रमांक कळवा. तिने क्रमांक कळवला, पासपोर्टची नक्कल जोडली नाही. पुन्हा पत्र आलं. तिने नक्कल पाठवली, बँकेचा पत्ता लिहिला नाही. पुन्हा पत्र. दवाखान्यात औषधांची एक गोळी इकडची तिकडे न होऊ देणारी बाई आता दर खेपेला नेमका एक कागद विसरत होती. वासुदेवराव वैतागत, "मोठ्या बारीक कामाचे लोक दिसून राहिले तुहे जर्मनीवाले." ती पत्र लुगड्यांच्या घडीखाली ठेवी. दुपारी सासूचा डोळा लागला की काढून पत्त्यातलं फक्त आपलं नाव वाची.

असं वर्ष निघालं. आज आलेल्या पत्रात मात्र विसरण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्जदार गुलाब आणि बँक खात्यावरची सुलोचना या दोघी एकच, याचं सरकारी प्रतिज्ञापत्र तेवढं पाठवा. इतर सर्व कागद पूर्ण आहेत.

सोमवारी नवराबायको सायकलवर भंडाऱ्याला गेली. तहसीलीतल्या बाबूने राशन कार्ड उलटसुलट केलं.

"बाई, तुमी म्हणता सत्तर साली मी जर्मनीत होतो. कार्ड म्हणते सत्तर साली तुमी वरठीत साखर घेऊन राहिल्या होत्या."

"ती मी नव्हे."

"मंग ह्या सुलोचनाबाई कोन?"

"त्या वारल्या."

"वारल्या? अन् साखर?"

मागे उभा असलेला कोणीतरी फिस्सकन हसला. वासुदेवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. बायकोला ते 'अवं' म्हणत, फार तर 'आयकलं का'. ते पुढे झाले.

"पहिली सुलोचना छाहत्तरात गेली, बाबूजी. आमी कार्डावरचं नाव काढलं नाही, चुकलं आमचं. हे दुसरी. हिचं नाव गुलाब." थोडं थांबून म्हणाले, "गुलाबच हाय. आमीच बदललं."

बाबूने दंडाची भीती घातली, दोन साक्षीदार मागितले, चहा मागवला आणि दुपार कलताना शिक्का मारला.

पोस्टाच्या आवारात बाकावर बसून तिने शेवटच्या कागदावर सही केली. गुलाब मारबते. हात जराही अडखळला नाही. लिफाफा चिकटवला आणि तो मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. रजिस्टरच्या खिडकीपाशी गर्दी नव्हती.

"जा ना," वासुदेवराव म्हणाले. "खिडकी बंद होईन."

"हो."

ती उठली नाही. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"ते कागद तू मुद्दामच मागं ठेवत होती का?"

तिने मांडीवरचा लिफाफा उलटा केला.

"परत जाचं हाय का तुले तिकडं?"

"नाही."

"मंग काहून?"

"जायचं नाही. पण मनात आलं तर जाता येते, एवढं पाहिजे होतं."

वासुदेवरावांनी पायातली चप्पल काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "नोको टाकू मंग."

"अन् छप्पर?"

"छपराचं काय? गळते तं खाली गंज-बालटी ठेवू. आजवर तेच करून राहिलो ना."

त्यांनी हट्ट धरला असता, तर तिने लिफाफा पुन्हा लुगड्यांच्या घडीखाली नेऊन ठेवला असता. वर्षभर तिने मनात तीच तयारी केली होती. या उत्तराची केली नव्हती. ती उठली, खिडकीशी गेली आणि लिफाफा आत सरकवला. बाबूने तो तोलला, तिकिटं लावली, धाडधाड शिक्के मारले आणि मागच्या टोपलीत फेकला. पावती घेऊन ती परत आली.

परतीच्या वाटेवर ती मागे कॅरियरवर बसली होती. गाव मागे पडलं, दोन्हीकडे धानाच्या बांध्या लागल्या. वासुदेवरावांनी पायडल मारता मारता विचारलं,

"कुठं राहत होती तू तिथं?"

तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. वर माडीवर खोली होती. कोपऱ्यावर पाववाला होता, पहाटे डूटीवर निघालं का त्याच्या दुकानातून असा गरम वास यायचा. बर्फ पडला का पाय घोट्यापर्यंत रुतत. एक म्हातारी होती वॉर्डात, रोज मले म्हणे, खिडकी उघड, तुहा देश दिसते का पाहतो."

"मंग उघडे का तू?"

"उघडत होतो. म्हणो, दिसते."

ते हसले. "गल्लीचं नाव काय होतं?"

तिने तोंड उघडलं. शेकडो पत्रांवर तिने तो पत्ता लिहिला होता, आईला, मामाला, मैत्रिणींना. पाववाल्याची हिरवी फळी दिसत होती, वळणावरचा दिवा दिसत होता, गल्लीच्या तोंडाशी लावलेली निळी पाटीसुद्धा दिसत होती. पाटीवरची अक्षरं तेवढी दिसत नव्हती.

"आठवते," ती म्हणाली. "सांगतो."

पुढे वरठीचं रेल्वे फाटक दिसायला लागलं. तिने त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं.

"जरा हळू चालवा."